चालती अक्षरं

चुकली आहे: पांढऱ्या कानाची शेळी, गळ्यात निळी दोरी. सापडल्यास तलावाजवळच्या वस्तीवर कळवावे.

कॉम्प्युटरच्या पाठीला काडेपेटीएवढा एक काळा ठोकळा. त्याला बटण नाही, दिवा नाही. काढला तर काही म्हणता काही चालत नाही.

मोतीबिंदू आहे, पण कोवळा आहे, डॉक्टर म्हणाले. घाई नाही.

मेंढरं मोजायची तर वाघरीच्या तोंडाशी उभं राहावं. कळपाकडे बघून मोजणारा कायम चुकतो.

रक्षाविसर्जन उद्या सकाळी आठ वाजता.

पट्टी पळतीया. आवं, पट्टी लय पळतीया!

•

शेळी आणि रक्षाविसर्जन ही दोन्ही कवठे महांकाळच्या केबलवरची. चांदसाहेबांचं लोकल चॅनल आहे, त्याच्या तळाला जी पट्टी सरकत जाते, तिच्यावर असल्या बातम्या येतात. वर जत्रेचं शूटिंग चाललेलं असतं, नाहीतर शाळेचं गॅदरिंग, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातली वरात. ते कोण बघतं देव जाणे. लोक बघतात ती पट्टी. कोण गेलं, काय हरवलं, कॅनॉलला पाणी कधी सुटणार, लाईट किती वेळ जाणार.

धंद्याचं म्हणाल तर केबल आता नेटच्या शेपटीला बांधलेली. नेट बघते अफसाना, चांदसाहेबांची मुलगी. सांगलीला कॉम्प्युटर शिकली, शिडी खांद्यावर टाकून फिरते, तालुक्यातल्या निम्म्या घरांच्या वायफायचे पासवर्ड तिला तोंडपाठ. चॅनल मात्र अब्बांचं. परसातल्या खोलीत त्यांचा जुना कॉम्प्युटर होता, पांढरा होता तो पिवळा पडलेला, आणि त्यात पट्टीचा प्रोग्रॅम. सांगलीत शिकणाऱ्या इंद्रजित नावाच्या मुलानं तो नव्वदच्या दशकात लिहून दिला होता. जाडजूड अक्षर, सावली नाही, नक्षी नाही. उजवीकडून आत यायचं, डावीकडे हलके हलके हिसके देत जायचं. चांदसाहेबांनी त्याला कधी हात लावू दिला नाही. अफसाना म्हणायची, "अब्बा, बदला आता." ते म्हणायचे, "तुझी आई बदलली का मी? मग?"

आतून हाजराबींचा आवाज यायचा, "बदलून बघा की!"

मग एका दुपारी लाईट गेली, आली, आणि आली ती जरा जास्तच आली. जुन्या कॉम्प्युटरमधून धूर निघाला. चांदसाहेब खोलीच्या दारात उभे राहिले, ते मयताला आल्यासारखे.

अफसानानं दुसऱ्या दिवशी नवा कॉम्प्युटर आणला, नवी पट्टी बसवली. काय पट्टी ती! रेशमासारखी सरकायची, अक्षरांना सावली, दोन बातम्यांच्या मध्ये गिरक्या घेणारं फूल. अफसानाला स्वतःचाच अभिमान वाटला. संध्याकाळपासून फोन सुरू झाले. पट्टी पळतीया. चार-सहा दिवस वाजले आणि थांबले. माणूस कशालाही सरावतं.

एक फोन उशिरा आला.

"अफसानाताई, बिरदेव बोलतोय, ढालगाव रोडच्या वस्तीवरनं. आमच्या आयचं डोळं गेलं."

"काय सांगतोस?"

"पट्टी दिसंना झालीया तिला. शुक्रवारी मिरजंला नेतोय ऑपरेशनला. तुमची नवी पट्टी आल्यापास्नं त्रास वाढलाय म्हणती. तुमास्नी दोष देत न्हाई हो मी. आपलं सांगितलं."

•

कॅनॉलचे पाणी सोमवारी सुटेल. शेतकऱ्यांनी मोटारी सांभाळाव्यात.

•

बिरदेवाची आई म्हणजे रंगुबाई. धनगर वस्तीवर तिचा ओटा प्रसिद्ध. संध्याकाळी धारा काढून झाल्या की बाया तिथं जमायच्या, टीव्हीचं तोंड दाराकडे वळवलेलं असायचं, आणि रंगुबाई पट्टी वाचायची. मोठ्यानं, एकेक शब्द चावून. वस्तीवर घरटी फोन होते, पण फोनवर जे येतं त्यातलं निम्मं खोटं, हे सगळ्यांना माहीत. रंगुबाईनं वाचलं म्हणजे ते झालं. एकदा तिनं जावेच्या माहेरचं मयत वाचलं. जाऊ ओट्यावरूनच उठून बसस्टँडला गेली, कुणाला फोन करून विचारायची तिला गरज वाटली नाही. साक्षर माणूस वस्तीवर नव्हतं असं नाही. पोरं कॉलेजात जात होती. पण वाचणारी म्हणजे रंगुबाई. लग्न जमवायच्या बैठकीतसुद्धा तिला पुढं बसवत.

अफसानाला वाटलं, आपल्या फुलानं म्हातारीचे डोळे घालवले? तिनं त्या दिवसाच्या सगळ्या बातम्या ठळक मोठ्या अक्षरांत कागदावर छापल्या आणि स्कूटर काढली.

रंगुबाई एकटीच ओट्यावर बसली होती, नाकावर कोरा करकरीत चष्मा.

"मावशी, ऑपरेशनपर्यंत ह्याच्यावरनं वाचा. बघा, केवढी अक्षरं केलीत."

रंगुबाईनं कागद घेतला. लांब धरला, जवळ धरला. ओट्याखाली कोंबडी फिरत होती, तिला हुसकलं. मग म्हणाली, "चा पितीस?"

"पिते. वाचा की आधी."

रंगुबाईनं आत बघितलं, बिरदेव घरात नाही ना ते. शेजारचं सूप ओढलं, कागद त्याच्याखाली सरकवला, आणि सुपाच्या कडेखालून तो हळूहळू डावीकडे ओढू लागली. एक अक्षर बाहेर आलं. मग दुसरं.

"क... कॅ... कॅनॉ..."

कागद अडकला, तिनं हिसका दिला, अख्खी ओळ एकदम बाहेर आली. रंगुबाई थांबली. नुसती बघत राहिली त्या ओळीकडे, चुकलेल्या रस्त्याकडे बघावं तशी.

अफसानाला कळायला वेळ लागला.

"मावशी, डोळ्यांना काही झालेलं नाही तुमच्या."

"हळू बोल."

"तुम्हाला वाचता येतं का नाही?"

"येतंय की!" रंगुबाई फणकारली. मग आवाज खाली आला. "चालती अक्षरं येत्यात. उभी येत न्हाईत."

आणि मग तिनं सांगितलं, कोंबडीशी बोलल्यासारखं, अफसानाकडे न बघता. शाळा कुठली? लहानपण मेंढरामागं गेलं. पावसाळ्यात वर, मग कोकणाच्या अंगाला खाली. रात्री वाघर लावायची, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, आणि सकाळी तिचं तोंड उघडून एकेक मेंढरू बाहेर काढायचं. तोंडाशी तिचा बाप उभा राहायचा, मग ती राहू लागली. कळप उभा असला की कुणाच्या बापाला मोजता येत नाही. सगळ्या पाठी एकसारख्या. तोंडातनं एकेक निघालं की तेच मेंढरू ओळखू येतं, ही लंगडी, ही कानफाटी, ही कालची आजारी. वस्ती एका जागी बसली, टीव्ही आला, पट्टी आली. तिनं शेजारच्या पोराला विचारलं, ह्यो कोण, त्यो कोण. पोरगं सांगायचं. अक्षरं एकेक करून दारातनं आत यायची आणि तिला ती ओळखू येऊ लागली. हा पोटवाला, हा काठीवाला, ही डोक्यावर टोपी घातलेली.

"कागदावर समदा कळप उभा आस्तुया," ती म्हणाली. "कुणाला आधी धरावं?"

"आणि नवी पट्टी?"

"ती चालत न्हाई गं. वाहतीया. पुराच्या पाण्यात मेंढरं गेल्यागत."

चहा आला नव्हता.

"मग ऑपरेशन कशाला करताय?"

"काय सांगू दुसरं? दिसत न्हाई म्हणलं की सुटलं. डाक्टर म्हणला मोतीबिंदू हाय, पर कवळा, घाई न्हाई. बिरदेव म्हणला, मग आताच करू, सुगी न्हाई काय न्हाई." तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला. "सुईला मी भीत न्हाई. पण ऑपरेशन झाल्यावर काय सांगू? डोळ्यावरची पट्टी काढली की ह्या समद्या येऊन बसतील आणि म्हणतील, वाच, रंगुबाई. आता तर डोळं लख्ख झालं."

अफसाना उठली.

"बिरदेवला सांगू नगंस," रंगुबाई म्हणाली. "तुझ्या बापालाबी."

•

लाईट उद्या दुपारी जाईल. पीठ आजच दळून घ्यावे.

•

इंद्रजित साताऱ्यात सापडला. पोवई नाक्याजवळ सीसीटीव्हीचं दुकान, पोट सुटलेलं, केस गेलेले, आणि समोरच्या भिंतीवर आठ कॅमेऱ्यांतून स्वतःचंच टक्कल आठ बाजूंनी दिसतंय. अफसानानं पिशवीतून जळक्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क काढून ठेवली आणि तिच्या शेजारी काळा ठोकळा.

त्यानं ठोकळा उचलला आणि त्याचा चेहरा एकदम पोरगेला झाला.

"आयला! ही अजून चालत होती? माझी पट्टी?"

"परवापरवापर्यंत."

"ह्याला मी कुलूप म्हणायचो. हे मागं लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडायचाच नाही. मला वाटायचं, अख्खी सांगली माझी पट्टी चोरणार."

"मग? चोरली कुणी?"

"चोरतंय कोण? तुझ्या अब्बांशिवाय कुणी मागितलीसुद्धा नाही." त्यानं स्क्रूड्रायव्हर घेऊन ठोकळा उघडला. आत दोन बारीक तारा एकमेकींना जोडलेल्या. एवढंच. "बघ. हे माझं गुपित."

नव्या कॉम्प्युटरला तसला ठोकळा लावायला जागाच नसते. पण ज्यानं कुलूप केलं त्याला ते कुठं आहे ते ठाऊक असतं. इंद्रजितनं डिस्क जोडली, प्रोग्रॅम त्यातून उचलला, त्याच्या पोटात शिरून कुलूप आहे का असं विचारणारी ओळच पुसून टाकली. मग दुसरा एक प्रोग्रॅम टाकला, फुकटचा. त्याचं काम असं की नव्या कॉम्प्युटरनं जुन्याचं सोंग घ्यायचं. आतल्या पट्टीला वाटतं की आपण अजून त्याच काळात आहोत, बाहेर काही बदललेलं नाही.

"बहुरूप्यासारखं," अफसाना म्हणाली.

"हां. फक्त हा बिदागी मागत नाही."

पट्टी सुरू झाली. म्हणजे काहीतरी पिवळं चमकलं आणि गेलं. अफसानाला वाटलं, लाईट गेली.

इंद्रजित हसायला लागला. "दोन पावलांच्या मध्ये मी त्याला रिकामे आकडे मोजायला लावले होते. वेळ काढायला. तवाचं कॉम्प्युटर मोजता मोजता दमायचं. हा गडी एका दमात मोजून मोकळा."

"मग किती वेग होता मूळचा?"

"ते त्या कॉम्प्युटरलाच ठाऊक. तो जळाला."

"लिहून ठेवलं नाही?"

"काय लिहिणार? तुझे अब्बा शेजारी बसले होते. हळू म्हणाले, हळू केला. अजून म्हणाले, अजून केला. बस म्हणाले, थांबलो." त्यानं दोन कळा दाखवल्या, एक दाबली की मंद, दुसरी दाबली की जलद. "वाचणारं माणूस शेजारी बसव आणि लाव. दुसरा उपाय नाही. आणि हे बघ, ह्याचे पैसे-बैसे काढू नकोस. फक्त चालू झाली की मला एक व्हिडिओ पाठव. घरच्यांना दाखवतो. बायकोला वाटतं मी जन्मात कॅमेऱ्याशिवाय काही केलं नाही."

•

हरवले आहे: चष्म्याचे घर. आत चष्मा नाही.

•

गुरुवारी रंगुबाई परसातल्या खोलीत येऊन बसली. चांदसाहेबांची तब्येत बघायला आली, असं सांगायचं ठरलं होतं. चांदसाहेबांची तब्येत ठणठणीत होती. ते पट्टी बघून हरखले होते आणि कळांवरून बोट काढत नव्हते.

"ह्योच वेग," ते म्हणाले. "मी बघून सांगतो. ह्योच."

रंगुबाई बघत होती. अफसाना तिच्या ओठांकडे बघत होती. ओठ हलले, थांबले.

"अब्बा, जरा हळू करा."

"कशाला? ह्योच हुता." पण केला.

ओठ हलले नाहीत.

"अजून."

"आता काय मुक्कामाला थांबवू का तिला?" चांदसाहेब म्हणाले. पट्टी मुंगीच्या पावलानं चालली होती. "रंगुबाई, तुला तरी कवाचं काय आठवतंय? मी सोडत हुतो पट्टी."

"तू सोडत हुतास. वाचत कुटं हुतास?"

खरंच होतं ते. चांदसाहेबांनी जन्मभर टाइप केलं आणि सोडून दिलं.

रंगुबाईनं गुडघ्यावर हात ठेवले. अफसानाला कळलं की ती आता उठणार, डोळे दुखतात म्हणणार आणि उद्या मिरजेला जाणार. आणि आठवड्यानं ओट्यावर लख्ख डोळ्यांनी बसून नुसती बघत राहणार. तेच अक्षर होतं, तेच हिसके. वेग खालपासून वरपर्यंत लावून बघितला होता. आणखी काय राहिलं?

"लय मोठं दार झालंय," रंगुबाई पुटपुटली.

"काय?"

"काय न्हाई."

अफसाना टीव्हीकडे वळली. भिंतभर टीव्ही. तिनंच घेतला होता, हप्ते फेडून. या काठापासून त्या काठापर्यंत पट्टी पसरलेली. अख्खी बातमी एका वेळी दिसतेय, शेपटासकट. वस्तीवरही बिरदेवनं दिवाळीत असाच रुंद टीव्ही आणला होता. पण जुना कॉम्प्युटर असेपर्यंत चित्र मधोमध यायचं, बाजूला काळे पट्टे. नवीन पट्टी आली आणि सगळा पडदा भरला. जुन्या डब्यासारख्या टीव्हीत किती मावत असेल? दोन शब्द. फार तर तीन.

कोपऱ्यात राउटरचे रिकामे खोके पडले होते. तिनं दोन फाडले, पुठ्ठे टीव्हीच्या दोन्ही कडांवर उभे धरले.

"अब्बा, हा धरा."

"हे काय चाललंय?"

"धरा हो."

पुठ्ठ्यांच्या मधल्या फटीत अक्षरं येऊ लागली. उजव्या पुठ्ठ्याआडून एक निघालं. मग एक. रंगुबाई पुढं वाकली. हनुवटी वर आली, बोट मांडीवर आपटायला लागलं, एकेक करून.

"चां... द... सा... हे... ब," ती म्हणाली. "चांदसाहेब. यां... ना. जरा पळीव."

अफसानानं एका हातानं कळ दाबली.

"आणिक."

दाबली. वेग तिथंच येऊन बसला जिथं चांदसाहेबांनी पहिल्यांदा लावला होता.

"मी म्हणत हुतो!" चांदसाहेब पुठ्ठ्यामागून ओरडले.

"गप रं!" रंगुबाईचा आवाज चढला, ओट्यावरचा आवाज, चावून चावून बोलणारा. "चांदसाहेब यांना आज... जेवणात... मटण मिळणार नाही. मेथी... आहे. हुकुमावरून... हाजराबी."

ती हसत सुटली. चांदसाहेबांनी पुठ्ठा खाली केला आणि मुलीकडे बघितलं. "हे तू टाइप केलंस?"

"अम्मीनं सांगितलं."

अफसानानं हे मुद्दाम टाकलं होतं. रंगुबाईला आधीच ठाऊक असेल अशी बातमी नको होती.

मग पुठ्ठे काढून तिनं प्रोग्रॅममध्येच दोन्ही बाजूंनी काळं केलं. रंगुबाईनं अजून दोन-तीन बातम्या वाचल्या, कारण नसताना, चवीनं. जाता जाता दारात थांबली.

"बाकी ब्येस झालं. फकस्त रंग चुकलाय. अक्षरं पांढरी हुती."

"पिवळी!" चांदसाहेब उभेच राहिले. "निळ्यावर पिवळी! पहिल्या दिवसापास्नं पिवळी सोडतोय मी!"

"मी शिकले... मी बघायला लागले तवा पांढरी हुती. आता मला सांगतुयास व्हय?"

"अगं, तो प्रोग्रॅम माझा!"

"आन् डोळं माजं!"

"त्येच तर उद्या कापायचं हायत!"

अफसाना मध्ये पडली नाही. पट्टी पिवळीच ठेवली. तिनं फोन काढून पट्टीचा व्हिडिओ केला आणि साताऱ्याला पाठवला. इंद्रजितचं उत्तर आलं ते लगेच: हात जोडलेले, आणि खाली, बायको विचारतेय मेथीचं काय झालं.

त्या संध्याकाळी बिरदेवचा फोन आला. आवाजात गोंधळ होता. "ताई, आयनं आज पट्टी वाचली. समदी. बाया जमल्या हुत्या. मग ऑपरेशन कशाला करायचं म्हणलं, तर माझ्यावरच वराडली. म्हणती, ठरलंय ते ठरलंय, आता खुशाल काढा म्हणावं."

"मग न्या की."

"नेतोच. पण हिला दिसत हुतं का न्हवतं?"

"तुझ्या आईला विचार," अफसाना म्हणाली.

शुक्रवारी पहाटे पिकअप मिरजेकडे निघाला. रंगुबाई पुढं बसली होती आणि गावाबाहेर पडेपर्यंत दुकानांच्या पाट्यांकडे बघत होती. बिरदेव गाडी चालवत होता, म्हणून पाट्या एकेक करून खिडकीतून जात होत्या.

"बिरदेव," ती म्हणाली, "जरा हळू चालीव."

•

वस्तीवर पहिला टीव्ही आला, तो ब्लॅक अँड व्हाइट होता.